पुन्हा सांगा, सर

 सभागृहात बसलेल्यांना नमस्कार, आणि हे नंतर घरी, गाडीत, किंवा भाजी निवडता निवडता ऐकणार आहेत त्यांनाही. तुमच्यापैकी काहीजण आम्हाला दीडपट वेगाने ऐकणार हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या नातीने एकदा आमचंच व्याख्यान तसं लावून दाखवलं. आमचा आवाज लिलाव पुकारणाऱ्या माणसासारखा येत होता. थोडा राग आला, खोटं कशाला बोला. पण तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि मधल्या एका विधानावर आम्हाला अडवलंसुद्धा. त्याच व्याख्यानाला प्रत्यक्ष पहिल्या रांगेत बसलेले आमचे दोन स्नेही छान झोपले होते. (हशा) हसू नका, त्यातले एक आजही आले आहेत.

आजचा विषय या हशाच्या आसपासचाच आहे. विद्यापीठातलं ऑनलाइन शिक्षण विद्यार्थ्यांना एक दिसतं आणि शिक्षकांना दुसरंच दिसतं. का? याचं रूढ उत्तर सगळ्यांना पाठ आहे. शिक्षक म्हणतात, मुलं ऐकतच नाहीत, नुसते काळे चौकोन दिसतात. विद्यार्थी म्हणतात, सर ऐकतच नाहीत, नुसते बोलत राहतात. मग कुणीतरी दोघांना एकेक गुगल फॉर्म पाठवतं, ‘आपण समाधानी आहात का, एक ते पाच’, आणि दोन आकड्यांची तुलना करून अहवाल तयार होतो. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकवत होतो की, एकच शब्द दोन अर्थांनी वापरून केलेला वाद हा वादच नव्हे. इथे ‘तास’ हा तसा शब्द आहे. शिक्षकाच्या लेखी तास म्हणजे एक प्रसंग. तो घडतो, किंवा फसतो. विद्यार्थ्याच्या लेखी आता तास म्हणजे एक वस्तू झाली आहे. ती मिळते, साठवता येते, मागे-पुढे नेता येते, मित्राला पाठवता येते. प्रसंगाबद्दल समाधानी आहात का आणि वस्तूबद्दल समाधानी आहात का, या दोन उत्तरांची तुलना करून हाती काय लागणार?

आपल्या शास्त्रग्रंथांची एक जुनी शिस्त आहे. प्रतिपक्षाचं खंडन करण्याआधी त्याचं म्हणणं असं मांडायचं, की तो स्वतः ऐकत असता तर मान डोलावून म्हणाला असता, हो, माझं म्हणणं हेच आहे. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. आमच्या व्यवसायबंधूंनी २०२०पासून या विषयावर पुष्कळ लिहिलं, पुष्कळ चर्चासत्रं केली. त्यातलं जेवढं आमच्या वाचनात आलं, त्यात विद्यार्थ्यांचा पूर्वपक्ष नीट मांडलेला आम्हाला फारसा दिसला नाही. विद्यार्थी म्हणजे आळशी, मोबाइलचं व्यसन लागलेला, कॅमेरा बंद ठेवून झोपणारा, एवढ्यावर भागवलं जातं.

बरं, कॅमेरा बंद कोण ठेवत होतं? २०२०च्या त्या उन्हाळ्यात वेबिनारांचा पूर आला होता, आठवतं? सकाळी एक, दुपारी एक, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. त्या वेबिनारांत श्रोते कोण होते? बहुतेक शिक्षक. आणि त्यांचे कॅमेरे? बंद. आम्हीही एका वेबिनारात तासभर मूल्यशिक्षणावरचं भाषण ऐकत भुईमुगाच्या शेंगा सोलल्या. प्रमाणपत्रही मिळालं, सुबक आहे. म्हणजे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या बाकावर बसवलं की तोही विद्यार्थ्यासारखाच वागतो. हा दोष पिढीचा म्हणावा की बाकाचा?

तेव्हा पूर्वपक्ष मांडून बघू.

विद्यार्थी म्हणतो: सर, तुमच्या वर्गात मला समजलं नाही, तर मला ते शंभर जणांसमोर कबूल करावं लागतं. घरी मी दहा मिनिटं मागे जाऊ शकतो. तुमचं इंग्रजी माझ्या कानावरून जातं, इथे मी थांबवून शब्द बघू शकतो. तुमच्या महाविद्यालयाला पोहोचायला मला दोन एसट्या बदलाव्या लागतात, आणि दुसरी चुकली तर पहिला तास बुडतो. लग्न झालेली एक मुलगी म्हणते: सर, मला रात्री साडेदहानंतरच वेळ असतो, तेव्हा तुमचं महाविद्यालय उघडं असतं का? या मुलीसारख्यांसाठीच तर आपण १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ काढलं. त्याच्याही आधी, १९८४पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत होते. तेव्हा कुणी शिक्षणाचा अंत झाला असं म्हणालं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात गेलेला पडदा आम्हाला चालत होता, तो आमच्या वर्गात आला तेव्हा टोचला.

आता सगळे विद्यार्थी एका बाजूला आहेत असं मात्र समजू नका. ज्या घरात तीन भावंडांत एक फोन होता, जिथे नेटवर्कसाठी डोंगर चढावा लागत होता, त्यांना हा पूर्वपक्ष मान्य होणार नाही. मुलींचं तर आणखी वेगळं. महाविद्यालय ही कित्येक मुलींसाठी घराबाहेर पडण्याची एकमेव सर्वमान्य सबब असते. वर्ग घरात आला तशी ती सबब गेली. ‘घरीच तर आहेस, जरा कुकर लाव’ या वाक्याने किती तास खाल्ले असतील, ते कुठल्या फॉर्मात लिहायचं? त्या विवाहित मुलीला पडद्याने दार उघडून दिलं आणि या अविवाहित मुलीचं दार त्याच पडद्याने लावून घेतलं. दोघी एकाच वर्गात होत्या, एकाच फॉर्मवर दोघींनी ‘चार’ लिहिलं असेल.

पण आम्हाला रेंगाळायचं आहे ते पहिल्या मुद्द्यावर. न समजणं आणि ते कबूल करणं.

आम्ही निवृत्तीनंतरही एका विभागात एम. ए.ला एक विषय शिकवत होतो, भारतीय ज्ञानमीमांसा. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि पुढच्या सत्रात आम्हीही पडद्यासमोर बसलो. तक्रार तीच, चेहरे दिसत नाहीत. घरात आमची कुरकुर रोज चाले. चेहरे बघितल्याशिवाय कसं कळायचं कुणाला समजलं आणि कुणाला नाही? वर्गात आम्ही विचारत असू, ‘समजलं ना?’ आणि माना हलत. त्यावरून आम्ही पुढे जात असू.

त्या सत्रात अनुमानावरचा भाग चालू होता. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, हा जो अव्यभिचारी संबंध त्याला व्याप्ती म्हणायचं. तिसरा आठवडा संपत आला होता. एका रात्री अकराच्या सुमारास आमच्या फोनवर एका विद्यार्थिनीचा निरोप आला. ‘सर, व्याप्ती मला पहिल्या दिवसापासून समजली नाही. पुन्हा सांगाल का?’ ही मुलगी आदल्या वर्षी प्रत्यक्ष वर्गात आमच्यासमोर बसत होती. तेव्हाही मान हलवत होती.

त्या रात्री आम्हाला आमच्या लहानपणीचा गुबुगुबु वाजवत येणारा नंदीबैलवाला आठवला. पाऊस पडेल का, बैल मान हलवतो. परीक्षेत पास होईन का, बैल मान हलवतो. ज्या चेहऱ्यांसाठी आम्ही झुरत होतो ते हे असे होते. आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, बैलाला मान हलवायला शिकवलेलं असतं.

आम्ही तिला उत्तर लिहिलं. पुस्तकातलंच उदाहरण जरा सोपं करून, स्वयंपाकघर वगैरे. पुस्तकातही स्वयंपाकघर आहेच. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. भावार्थ असा: ‘सर, पण आमच्या घरी चुलीत निखारे असतात तेव्हा धूर नसतो. सरपण ओलं असलं की धूर होतो. मग अग्नी आणि धूर यांचा संबंध पक्का कसा?’

तुमच्यापैकी ज्यांनी न्यायदर्शन वाचलं आहे ते आत्ता हसले, आम्ही पाहिलं. बाकीच्यांसाठी सांगतो. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, पण अग्नीवरून धुराचं चालत नाही. का चालत नाही, याचं नैयायिकांनी दिलेलं उत्तर अगदी हेच आहे: धुराला अग्नीबरोबर ओल्या सरपणाचा संयोग लागतो. या जादा अटीला ते उपाधी म्हणतात. ‘आर्द्रेन्धनसंयोग’ हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो, आणि तो पाठ करणाऱ्यांपैकी कित्येकांनी चूल पेटवलेली नसते. या मुलीने ग्रंथ न उघडता, चुलीवरून, उपाधी शोधून काढली होती. चाळीस वर्षांच्या अध्यापनात आमच्या वर्गात कुणी ती अशी आपणहून शोधलेली आम्हाला आठवत नाही.

आता बघा काय झालं. हे तिने विचारलं, कारण रात्र होती, एकटी होती, कुणी बघत नव्हतं. म्हणजे विद्यार्थ्यांचा पूर्वपक्ष खरा. पडदा नसता तर हा प्रश्न आलाच नसता. पण तो आला तो आमच्या फोनवर. वर्गातल्या बाकीच्या अठरा-वीस जणांना त्याचा पत्ता नाही. आम्ही तिला म्हटलं, उद्या तासाला हे सांग. तिने लिहिलं, नको सर. आम्ही म्हटलं, मग आम्ही सांगतो. तिने लिहिलं, सांगा, पण माझं नाव घेऊ नका. दुसऱ्या दिवशी आम्ही ‘एका विद्यार्थिनीने विचारलं’ म्हणून ते सांगितलं. काळे चौकोन काळेच राहिले. वर्गात हे घडलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, आमच्याकडे गोवरीचाही धूर होतो. कुणी गॅसचं काढलं असतं. वाद झाला असता. त्यातून उपाधी फक्त तिच्याच नव्हे, सगळ्यांच्या हाती लागली असती. म्हणजे शिक्षकाचं म्हणणंही खरं. फक्त तो ते चुकीच्या शब्दांत मांडतो. ‘चेहरे दिसत नाहीत’ ही आमची अडचण आम्ही शिक्षणाची अडचण म्हणून खपवली. खरी हानी अशी, की एकाचं न समजणं दुसऱ्याच्या कानावर पडेनासं झालं.

आणि रेकॉर्डिंग मागे नेता येतं, या विद्यार्थ्यांच्या हक्काच्या मुद्द्याचं काय? तो मुद्दा मोठा आहे, त्याला कमी लेखू नये. आम्ही विद्यार्थी असताना ही सोय असती तर आमचा कांट थोडा बरा झाला असता. पण छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू आठवून बघा. बारा वर्षं गुरुगृही शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ्यात घरी आला. वडील उद्दालक त्याला शिकवू लागले, आणि हा प्रत्येक वेळी म्हणतो, मला आणखी सांगा. उद्दालकांनी तेच वाक्य नऊ वेळा म्हटलं आहे. पण त्यामागचं उदाहरण दर वेळी नवं. मधमाश्या झाल्या, नद्या झाल्या. वडाचं फळ फोडायला लावलं, आतलं बी फोडायला लावलं, काय दिसतं विचारलं. पोरगा म्हणाला, काही दिसत नाही, आणि त्या ‘काही नाही’तूनच पुढचं शिकवणं सुरू झालं. मीठ तर रात्रभर पाण्यात ठेवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी चाखायला लावलं. पडद्यावरचा तास नऊ वेळा मागे नेला तर नऊही वेळा मधमाश्याच येतील. ज्याला मधमाश्यांवरून कळलं नाही त्याने नद्यांकडे कसं जायचं? प्लेटोने ‘फीड्रस’ संवादात लिखित शब्दाबद्दल सॉक्रेटिसकडून जवळपास हीच तक्रार वदवली आहे, की त्याला काहीही विचारा, तो तेच ते उत्तर देतो. आणि ही तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून, हा त्यातला विनोद.

पण शिक्षकबंधूंनी श्वेतकेतूच्या गोष्टीवर लगेच टाळ्या वाजवू नयेत. श्वेतकेतू एकटा होता आणि समोर बाप होता. एकशेवीस जणांच्या वर्गात नऊ वेळा ‘पुन्हा सांगा, सर’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? दुसऱ्याच वेळेला म्हणतो, ‘तासानंतर भेट.’ तासानंतर आपण भेटतो का? आम्ही तरी दर वेळी भेटलो नाही. म्हणजे ज्या उद्दालकाच्या नावाने आपण पडद्याला नावं ठेवतो, तो आपल्या वर्गातही नव्हता.

ह्यूबर्ट ड्रायफस हे बर्कलीचे तत्त्वज्ञ. त्यांनी २००१ साली ‘ऑन द इंटरनेट’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्राथमिक पायऱ्या माणूस दुरून चढू शकतो, पण खरं प्रावीण्य यायला देहाने हजर राहावं लागतं, चुकण्याची जोखीम चारचौघांत पत्करावी लागते. युक्तिवाद तगडा आहे. मौज अशी की पुढे त्यांच्याच वर्गातल्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर आली आणि जगभरच्या लोकांनी ती आवडीने ऐकली. आम्हीही ऐकली. हायडेगर आम्हाला जो काही थोडा उमगला तो त्यातून. ते ऐकताना मधूनच एखादा विद्यार्थी प्रश्न विचारतो, ड्रायफस अडखळतात, थांबून विचार करतात. आमच्या मते सगळ्यात मोलाच्या जागा त्याच. म्हणजे आम्ही दुरून शिकलो खरे, पण तिथे कुणीतरी समोर बसून विचारलं होतं म्हणून.

शिक्षकांच्या विरोधात आणखी एक गोष्ट आहे, ती चर्चासत्रांत कुणी बोलत नाही. पोटाची. महाराष्ट्रात किती तरी विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चालतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य. एका महाविद्यालयात अशा एका तरुण शिक्षिकेला सांगण्यात आलं, सगळ्या तासांची रेकॉर्डिंग जमा करा. तिने आम्हाला फोन करून विचारलं, ‘सर, दिली तर पुढच्या वर्षी मला बोलावतील का?’ आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांचं श्रेयांक प्रमाण एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आधी, २०१६च्या नियमांत, ते २० टक्के होतं. विद्यार्थ्याला ही निवड वाटते, आणि आहेही. या शिक्षिकेला ते ४० टक्के तास वाटतात. तिने जाहीर चर्चेत ‘गुरुशिष्य नात्याची ऊब’ वगैरे म्हटलं तर आम्ही तिला हसणार नाही. पण तिने खरं कारण सांगितलं असतं तर विद्यार्थी तिच्या बाजूने उभे राहिले असते, असं आम्हाला अजून वाटतं.

आणि विद्यार्थ्यांचं म्हणणं जिथे लंगडं पडतं ती जागाही सांगायला हवी. परीक्षा. २०२०च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी नाही. मग आपल्याकडे घरबसल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण पुढे सगळं सुरळीत सुरू झाल्यावरही परीक्षा मात्र ऑनलाइनच हवी, ही मागणी येत राहिली. ज्या विद्यार्थ्याने आम्हाला सांगितलं की पडदा त्याला स्वतःच्या गतीने समजून घेऊ देतो, त्यानेच समजलं की नाही हे चार पर्यायांतून सिद्ध करू द्या म्हणावं? व्याप्तीची व्याख्या अ, ब, क की ड. चुलीच्या निखाऱ्यांना त्यात कुठे जागा आहे? यावर एका विद्यार्थ्याने आम्हाला सुनावलं, ‘सर, तुमच्या लेखी परीक्षेत तरी कुठे होती? तिथेही आम्ही गाइडमधलंच लिहायचो.’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं त्या उत्तरपत्रिका आम्हीच तपासल्या होत्या.

ती विद्यार्थिनी पुढे एम. ए. झाली. आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, वर्ग प्रत्यक्ष भरतो, ऐंशी मुलं आहेत, समजलं का विचारलं की सगळे माना हलवतात. मग आता ती काय करते? तासाच्या शेवटी प्रत्येकाला चिठ्ठीवर, नाव न घालता, काय समजलं नाही ते लिहायला लावते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन चिठ्ठ्या वर्गात वाचून इतरांना उत्तर द्यायला सांगते. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘सगळं समजलं’ असं लिहिलेलं असतं म्हणे. एखादीवर नसतं.

आता प्रश्नोत्तरं. संयोजकांना आमची विनंती आहे की, थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनी जे लिहून पाठवलं असेल ते आधी घ्या, आणि मोठ्याने वाचा, म्हणजे सभागृहालाही ऐकू जाईल.